दक्षिणेकडे पाय

सावित्री वारली तेव्हा पलंगावर तिचे पाय दक्षिणेकडे होते. त्या कारणानं आमची मनिषा वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मनिषा आमची एकुलती एक मुलगी. केजला दिलेली आहे.

आमच्या भागात दक्षिणेकडे पाय करून कुणी झोपत नाही. मेलेल्या माणसाला तसं ठेवतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि मीही कधी तसा झोपलो नव्हतो. कुणी कारण विचारलं तर यमाची दिशा म्हणून सांगायचं, एवढंच. पण मनिषाचा राग यमावरून नव्हता. तिला तिच्या मामानं चुंबकाचं कारण सांगितलं होतं आणि ते तिला पटलं होतं.

मामा म्हणजे धर्मराज, सावित्रीचा धाकटा भाऊ. नांदूरघाटला राहतो. जमीन भरपूर, एकदा सरपंचही होऊन गेला. माणूस वाईट नाही. बहिणीच्या दुखण्यात आठ-पंधरा दिवसांनी यायचा, येताना डाळिंबं आणायचा. पण मोबाइलवर बघून बघून त्याला वास्तुशास्त्राचा नाद लागला होता. शर्टाच्या खिशात पितळी झाकणाचं होकायंत्र ठेवायचा आणि लोकांच्या चुली, देव्हारे, संडास हलवायला लावायचा. पैसे घेत नसे. मोबाइलचा टॉवर यायचा होता तेव्हा लहरींनी चिमण्या मरतात म्हणून त्यानं सह्या गोळा केल्या, आणि पुढं तो टॉवर त्याच्याच बांधाला उभा राहिला. त्यावर कुणी विचारलं की म्हणायचा, "लांबून लागतंय ते. बुडाला काय लागत न्हाई. दिव्याखाली अंधार असतोय का न्हाई, तसं."

मी परळीच्या थर्मल वीजकेंद्रात एका कंत्राटदाराकडं कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होतो. वॅगनमधून कोळसा येतो त्यात लोखंड येतं. बोल्ट, साखळीचे तुकडे, खाणीतल्या मशिनीचे दात. ते पुढं दळायच्या गिरणीत गेलं तर गिरणीचं नुकसान होतं. म्हणून पट्ट्याच्या वर एक मोठं विजेवरचं चुंबक टांगलेलं असतं. कोळसा खालून निघून जातो, लोखंड उडून वर चिकटतं. करंट बंद केला की ते खाली पडतं आणि आम्ही ते उचलायचो. चुंबक चालू असताना खिशात अडकित्ता ठेवता येत नसे. माझं निम्मं आयुष्य त्या चुंबकाखाली गेलं.

सावित्रीचं हृदय कमजोर झालं होतं. पायांना सूज, चालली की दम. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, जे आवडतं ते करू द्या. मी ते मनिषाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की पुण्याला न्यायचं का.

पलंग नुकताच पुढच्या खोलीत आणला होता. लोखंडी, जाड अँगलचा, परळीतल्या एका वेल्डरकडून करून घेतलेला. डोकं मागच्या भिंतीकडं आणि पाय दाराकडं. दारातून अंगण आणि अंगणापलीकडं गोठा दिसतो. आमचं घर रस्त्याला धरून बांधलेलं आहे, त्यामुळं तिरपं आहे. मागची भिंत नेमकी कुठल्या दिशेला यावर आमच्या वडिलांच्या वेळेपासून दोन मतं आहेत. ते ती ईशान्य म्हणायचे. मला ती उत्तर वाटायची, कारण अंगणात झोपलं की ध्रुवतारा घराच्या मागच्या भिंतीवरच असायचा. पलंग टाकताना मात्र सावित्रीला गोठा दिसावा म्हणून मी वडिलांचं मत धरलं होतं.

तिच्या शेवटच्या महिन्यात एकदा धर्मराज आणि मनिषा एकाच दिवशी आले. धर्मराज दारात उभा राहिला आणि पलंगाकडं बघून म्हणाला, "दाजी, ताईचं डोकं उत्तरेला हाय."

"असंल," मी म्हणालो.

"असंल काय? रक्तात लोह असतंय. उत्तरेला पृथ्वीचं चुंबक हाय. ते रातभर रक्त डोक्याकडं ओढतंय. चांगल्या माणसाला सोसतंय, पर जिचं हृदयच दमलंय तिनं काय करायचं? ते रक्त खाली ओढायचं का वर सोडायचं?"

मनिषा आईचे पाय चेपत बसली होती. तिचे हात थांबले.

सावित्री म्हणाली, "धर्मा, माझ्या रक्तात लोह न्हाईच म्हणतेत. गोळ्या चालू हायत त्याच्याच. मग तुझं चुंबक वडतंय काय, कपाळ?"

"ताई, हसण्यावारी नेऊ नगंस."

"मी कुठं हसतेय? हसलं की दम लागतोय."

मी त्याला सिदूचं सांगितलं. सिदू माझ्याबरोबर पट्ट्यावर होता. एकदा पत्र्यानं त्याचा तळहात फाटला, अगदी चुंबकाखाली. रक्त कुंकू भरलेला कोहळा फोडल्यासारखं सांडलं. त्याच्या हातातला पाना वर जाऊन चिकटला, रक्त मात्र खाली कोळशावर पडलं. एक थेंबसुद्धा वर गेला नाही.

धर्मराजनं थोडा विचार केला. "ते बिजलीचं चुंबक, दाजी. भडक असतंय. ह्ये पृथ्वीचं बारीक हाय, पर रातंदिस हाय. बारीक ताप जसा माणसाला आतून खातो तसं."

मनिषाचा नवरा रामेश्वर बाहेर ओट्यावर बसला होता. तो केजला आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवतो. तो तिथूनच म्हणाला, "मामा, एमआरआयमधी आख्खं माणूस चुंबकात घालतेत. पृथ्वीच्या तीस-चाळीस हजार पट असतंय ते. रक्त काय डोक्यात चढत न्हाई कुणाचं. रक्तातलं लोह म्हंजे खिळे न्हाईत."

"अर्धा घंटा घालतेत, पाव्हणं. रोज झोपायला न्हाई घालत."

रामेश्वरनं विषय सोडला. सासुरवाडीच्या माणसाशी फार वाद घालायची त्याची पद्धत नाही.

मनिषा उठली. तिनं पलंगाची एक बाजू धरली आणि मला म्हणाली, "तात्या, तिकडून धरा." आम्ही पलंग फिरवला. डोकं दाराकडं, पाय भिंतीकडं. मग तिनं उशी नीट केली, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला बजावलं, "आता ह्यो असाच राहू द्यायचा." जाताना तिचा चेहरा आलेल्या वेळेपेक्षा बरा दिसत होता.

ते गेले, मी म्हशीला पाणी दाखवून आत आलो तर सावित्री जागी होती.

"आवं," ती म्हणाली, "मला भिंतीकडं तोंड करून कावून ठुलंय? मी काय शाळंत खोडी केली का?"

"मनिषानं फिरवलाय. तुझ्यासमोरच फिरवला की."

"तवा पाव्हणे हुते, मी काय बोलू? आता फिरवा. मला गोठा दिसंना."

"गोठ्यात काय बघायचंय?"

"तुमी कास धुता का न्हाई ते बघायचंय. म्हस पान्हा चोरायलीय. मी हितून वरडले की तुमी धुता, न्हाईतर तसंच बसता धारंला."

"मनिषा रागवंल."

"मनिषा केजला गेली. हितं मी हाय."

ती पलंगावर असतानाच मी पलंग ओढला. फरशीवर पायांचा करकर आवाज झाला. सावित्रीनं दोन्ही हातांनी कड धरली होती. "गाडीत बसल्यावानी वाटतंय," ती म्हणाली आणि खोकली. मग उशीला टेकून गोठ्याकडं बघत बसली. संध्याकाळी धार काढताना तिनं आतून हाक मारलीच. मी कास धुतली.

त्यानंतर ती आठवडाभरही राहिली नाही, आणि मधे कुणाचं येणं झालं नाही. पौषात एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती गेलेली होती. मनिषा आली, तिनं आईला बघण्याआधी पलंग बघितला. मी तिला सांगितलं की गोठ्यातली म्हैस दिसावी म्हणून तुझ्या आईनंच फिरवायला लावला. पण घरात माणसं जमली होती, रडारड चालली होती, आणि धर्मराज सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, मेलेल्या माणसाच्या नावावर घालू नगा." मनिषा माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून ती बोलली नाही.

म्हणजे दहाव्याला आली, तेराव्याला आली, काम केलं आणि गेली. फोन रामेश्वर करायचा. "तात्या, बरं हाय का? जेवताव का?" मागून भांड्यांचा आवाज यायचा, म्हणजे मनिषा तिथंच असायची. मी विचारायचो, "मनिषा हाय का?" तो म्हणायचा, "कामात हाय." दिवाळीला आली नाही. मी गेलो. तिनं ताट वाढलं, पाणी दिलं, आणि शेजारणीकडं जाऊन बसली. मी निघेपर्यंत आली नाही.

मला रात्री विचार करायला वेळ होता. पलंग परत फिरवला नसता तर सावित्री वाचली असती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दर वेळी उत्तर नाही असंच आलं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यामुळं मला अपराधी वाटत नव्हतं. फक्त घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि जिच्याशी सावित्रीबद्दल बोलता आलं असतं ती एकच होती.

वर्षश्राद्धाला मनिषा आदल्या दिवशीच आली. रात्री स्वयंपाकाची तयारी केली, सकाळी लवकर उठून वडे, खीर, कढी केली. माझ्याशी जे काही बोलायचं ते रामेश्वरमार्फत. "त्यांना म्हणावं आंघोळ करून घ्या." मी समोरच असायचो.

विधी झाला, भटजी गेले, गावातले लोक जेवून गेले. घरची माणसं राहिली. धर्मराज हात धुऊन अंगणात आला, खिशातून होकायंत्र काढलं आणि झाकण उघडलं.

"वरीस झालं," तो म्हणाला. "आता घर एकदा नीट बघून घेऊ. दाजीला एकट्याला ऱ्हायचंय हितं. दोष असला तर काढून टाकू."

अंगणाच्या मधोमध उभा राहून त्यानं होकायंत्र तळहातावर धरलं. मी जवळच खरकटी भांडी उचलत होतो. सुई हलून स्थिर झाली. ती सरळ घराच्या मागच्या भिंतीकडं बघत होती. धर्मराजनं ते बघितलं असेल, पण त्याचं लक्ष आत होतं. तो खोलीत गेला. पलंग मी वर्षभर हलवला नव्हता. त्याच्या लोखंडी कडेवर त्यानं होकायंत्र ठेवलं.

सुई गरकन फिरली आणि डावीकडं जाऊन थांबली. अंगणात जिथं होती तिथून बरीच लांब.

धर्मराज वाकून बघत राहिला. यंत्र फिरवलं, अक्षरं जुळवली, पुन्हा वाकला. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मनिषा," त्यानं हाक मारली. "अगं ये हिकडं."

मनिषा पदराला हात पुसत आली.

"ही बघ सुई. ही उत्तर. आन पलंगाचं डोकं कुठं हाय? हिकडं. म्हंजे ईशान्य! उत्तर न्हाईच ही. ईशान्य, देवाचा कोपरा. ताई देवाच्या कोपऱ्याला डोकं ठिवून गेली की गं."

"पण मामा, तुमीच तर म्हणला हुता..."

"मी डोळ्यानं बघून म्हणलो हुतो. घर तिरपं हाय, डोळा फसतोय. यंत्र फसत न्हाई." तो माझ्याकडं वळला. चूक मान्य करायला त्याला कधी जड जात नाही, हे त्याचं मला आवडतं. "दाजी, वरीसभर तुमच्यावर आळ घेतला. माफ करा."

 माझ्या हातात पातेलं होतं. मनिषा पलंगाकडं बघत होती, मग माझ्याकडं बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं नजर वळवली नाही. तिचे डोळे भरले.

"तात्या," ती म्हणाली, "तुमी अजून जेवला न्हाईत. बसा. मी वाढते."

मी पातेलं ठेवायला गोठ्याकडच्या मोरीवर गेलो. मागोमाग रामेश्वर आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "मलाबी दिसलं."

"काय?"

"लोखंडावर ठुलं त्यांनी. अँगलनं सुई वढली. अंगणात येगळी हुती, आत येगळी. आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाबी कळंल." त्यानं दाराकडं बघितलं. "पर तात्या, ऱ्हाऊ द्या. काय बिघडतंय? चुंबकानं काय झालं न्हाई ते तुमालाबी माहीत, मलाबी माहीत. खोट्या कारणानं अबोला धरला हुता, खोट्या कारणानं सुटला. हिसाब बरुबर."

"बरं," मी म्हणालो.

"लई रडते ती रातीला. मला वाटलं हुतं सुटायचंच न्हाई ह्ये."

मी जेवायला बसलो. मनिषानं वाढलं. खीर दुसऱ्यांदा वाढताना नको म्हणालो तर म्हणाली, "घ्या. वाळलाव किती." वर्षभर मला एवढंच हवं होतं. धर्मराज समोर सुपारी कातरत बसला होता, खुशीत होता. नांदूरघाटला गेल्यावर सगळ्यांना सांगतो म्हणाला, की दाजींची काही चूक नव्हती.

"आन ते गोठ्याचं आता सोडून द्या, दाजी," तो म्हणाला. "ताईनं फिरवायला लावला, तिला म्हस बघायची हुती, ह्ये ते. तुमी घाबरून बोलला असताल. न्हाईतर ताई बोलली बी असंल. शेवटी तिला कुठं सुधरत हुतं?"

"व्हय," मनिषा म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. ती मला सांभाळून घेत होती. "आईला शेवटी सुधरत नव्हतं. काय बी बोलायची आसंल. जाऊ द्या तात्या, मी बी आता मनात न्हाई ठेवत."

माझा घास हातात राहिला.

शेवटचे सहा-सात महिने सावित्रीचं तिच्या हातात काही नव्हतं. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवायचे. खायचं काय ते मनिषा फोनवरून ठरवायची. आंघोळ कधी, गोळी कधी, झोपायचं कधी, ते मी. पलंग फिरवा असं तिनं स्वतःहून सांगितलं. तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. म्हैस पान्हा चोरते हेही तिचं खरं निघालं होतं.

"सुधरत हुतं," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या आईला सुधरत हुतं. शेवटपतूर."

रामेश्वर दारात उभा होता. त्यानं मान हलवली, नको म्हणून. मी उठलो, हात धुतला. खुंटीवरची सुतळी घेतली. तिचं एक टोक पलंगाच्या डोक्याकडच्या पायाला बांधलं आणि पलंगाच्या कडेनं ताणून दारातून बाहेर नेलं. अंगणात आलो, गोठ्याच्या पत्र्यापासूनही लांब, मोकळ्या जागी. सुतळी ताणून खाली धरली आणि टोकावर वीट ठेवली.

"धर्मराज, तुझं यंत्र आण."

"आता काय दाजी?"

"आण तर."

तो आला. मी त्याला यंत्र सुतळीशेजारी मातीत ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवलं. सुई हलली, थरथरली आणि सुतळीच्या बाजूनं उभी राहिली. केसभराचा फरक असेल. सुतळी जिकडं जात होती तिकडंच सुई, घराच्या मागच्या भिंतीकडं.

धर्मराज उकिडवा बसून सुतळी आणि सुई बघत होता. मग त्यानं यंत्र उचललं, आत जाऊन पुन्हा पलंगावर ठेवलं, पुन्हा बाहेर आणलं. असं त्यानं दोनदा केलं.

"लोखंड," तो स्वतःशीच म्हणाला. मग रामेश्वरला म्हणाला, "पाव्हणं, तुमी शिकलेली माणसं. बोलायचं न्हाई का?"

"मी बोलणारच हुतो," रामेश्वर म्हणाला.

"कवा? म्या गावभर डंका पिटल्यावर?"

मनिषा ओट्यावर आली होती. तिला सगळं समजलं होतं. मी तिच्याकडं बघून सांगितलं, "डोकं उत्तरेलाच हुतं. पाय दक्षिणेला. तू गेल्यावर त्याच सांजंला मी फिरवला. ती म्हणली म्हणून फिरवला. पुन्हा म्हणली असती तर पुन्हा फिरवला असता."

ती तशीच वळून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा मोठा. मी सुतळी गुंडाळली. माझ्या मनात आलं की आता हिचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल की नाही. रामेश्वरही तेच विचार करत असावा. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तात्या, तुमी बी ना."

धर्मराज निघाला. त्याचा रस्ता लांबचा. गाडीला किक मारण्याआधी तो म्हणाला, "दाजी, तरी उत्तर ती उत्तरच. तुमी आता तसं झोपू नगा."

"मी खाली झोपतोय," मी म्हणालो.

"डोकं कुठं करताव?"

"जिकडं उशी आसंल तिकडं."

तो हसला नाही, पण गाडी चालू करून हात वर केला.

मी आत आलो. रामेश्वर पिशव्या बांधत होता, त्यांनाही उजेडात केज गाठायचं होतं. मनिषा पलंगाच्या कडेवर बसली होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. मला वाटलं ती उठून जाईल.

"फोन कावून केला न्हाई?" ती म्हणाली. रागात म्हणाली. "मी फिरवून गेले हुते. परत फिरवायचा हुता तर मला इचारायचं की. मी काय मेले हुते का?"

"ती सांगू नका म्हणली."

"कावून?"

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तात्या, मी इचारतेय."

"तिला वाटत हुतं, तुला बरं वाटंल. पलंग वढल्यावर मी म्हणलो, मनिषाला कळवतो. तर ती म्हणली, 'तिला सांगू नका. लेकराला वाटतंय पलंग फिरवला की आई बरी व्हईल. वाटू द्या. तेवढंच हाय तिच्याकडं.'"

पिशव्या बांधायचा आवाज थांबला. मनिषा खाली फरशीकडं बघत होती. मग पदर तोंडाला लावला आणि रडली. वर्षभर दर कार्याला ती रडली होती, पण ते चार माणसांत होतं. मी उठून तिच्याजवळ गेलो नाही. माझी तशी सवय नाही. पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आन तुमाला? तुमाला काय वाटत हुतं?"

"मला काय वाटायचंय?"

"आसं न्हाई. सांगा."

 डॉक्टरांचं मी ऐकलं होतं, मनिषाला समजावलं होतं, धर्मराजशी सिदूच्या रक्तावरून वाद घातला होता. सगळ्यांत जास्त समज मलाच होती असं मी धरून चाललो होतो.

"मला वाटत हुतं, ती उन्हाळा काढंल," मी म्हणालो. "कशानं काढंल ते न्हाई माहीत. पर काढंल, आसं वाटत हुतं."

मनिषानं मान हलवली. मग रामेश्वरला म्हणाली, "तुमी जा म्होरं. मी उद्याच्या गाडीनं येते."

"मला उद्या कामावर जायचंय," रामेश्वर म्हणाला, पण बांधलेली पिशवी त्यानं परत सोडली होती.

"आई आणखी काय म्हणली हुती?" मनिषानं मला विचारलं. "सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी आठवून सांगू लागलो.